परत न आलेली मुलं

१२ जानेवारी

माननीय परीक्षक क्रमांक दोन यांस,

आमच्या निबंधावरचे आपले शेरे मिळाले. निबंध नऊ पानांचा, शेरे साडेचार पानांचे. आपल्याला इतका मोकळा वेळ मिळतो हे वाचून आनंद झाला. आम्हा वॉर्डातल्या माणसांना तो मिळत नाही.

पुरे झालं नाटक. दादा, तो तूच आहेस हे मला पहिल्या परिच्छेदातच कळलं. वैद्यकीय मासिकाच्या संपादकांनी तुझं नाव झाकलंय, त्यांचा नियमच आहे तसा. परीक्षकाला माझं नाव दिसतं, मला परीक्षकाचं दिसत नाही. हा कुठला न्याय ते मला अजून समजलेलं नाही. पण नाव झाकलं म्हणून स्वभाव झाकला जातो का? "लेखकांचा हेतू स्तुत्य आहे, परंतु..." हे तुझं 'परंतु' ऐकतच मी लहानाची मोठी झालेय. माझ्या चित्रांना परंतु, माझ्या पोहण्याला परंतु. लग्न ठरलं तेव्हासुद्धा तू आईला म्हणालास, "मुलगा चांगला आहे, परंतु घोरत असणार." (घोरतो. पण तो मुद्दा नाही.)

तीन वर्षं आपण बोललेलो नाही. माझ्या पहिल्या निबंधावर आपली दोघांची नावं शेजारी छापून येणार म्हणून आईनं गावभर सांगितलं होतं, आणि तू दूर देशातून एक ओळ पाठवलीस, "यावर माझं नाव नको." तू आकडेशास्त्राचा पंडित, जगभरचे डॉक्टर तुझ्याकडून आकडे तपासून घेतात, आणि सख्ख्या बहिणीचं काम तुला नाव लावण्याच्याही लायकीचं वाटलं नाही. तो अपमान मी गिळला. पण आता बुरख्याआडून दगड मारतोस, हे नाही चालायचं.

आमचं काम काय आहे ते तू वाचलंच आहेस, तरी सांगते, कारण वाचून तुला समजलेलं दिसत नाही. छातीत संसर्ग झालेलं मूल आमच्या वॉर्डात आलं की सात दिवस त्याला सुया टोचायच्या, हा जुना रिवाज. मूल किंचाळतं, आई रडते, बापाची रोजची कामं बुडतात. आम्ही चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना चारच दिवस औषध दिलं आणि घरी सोडलं. दोन्हीकडची मुलं सारखीच बरी झाली. सरळ, साधं, उपयोगाचं काम! परीक्षक क्रमांक एकनं दोन ओळीत लिहिलंय, "उत्तम व उपयुक्त काम. जसेच्या तसे छापावे." देवमाणूस आहे तो. आणि तू काय विचारतोस? "जी मुले पुढच्या तपासणीला परत आली नाहीत, ती बरी झाली असे कशाच्या आधारावर धरले?"

दादा, तू कधी वॉर्डात उभा राहिला आहेस का? मूल आजारी असेल तर आई धावत येते. बरं झालेल्या मुलाला काखेत मारून रांगेत बसायला कोण येतं? आमच्याकडे पहिल्या दिवसापासून हीच पद्धत आहे, आला नाही म्हणजे बरा झाला, आणि सिस्टर त्याच्या नावापुढे तशी खूण करते. मी शिकाऊ होते तेव्हाही असंच होतं आणि मला शिकवणारे शिकाऊ होते तेव्हाही.

मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, निबंध छापून यायची वाट बघतायत. सध्या काही जणांनाच चार दिवसांत सोडतो, निबंध आला की आमच्या वॉर्डात सर्वांनाच चार दिवस, आणि आसपासची इस्पितळं आमचंच बघून करतात. उत्तर द्यायला संपादकांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिलीय. मी ते देईन, आणि असं देईन की तुझं परंतु जागच्या जागी बसेल.

मेल केला तर दोन शब्द टाकून मोकळा होशील, म्हणून हे कागदावर. आईला यातलं काही माहीत नाही.

तुझी (नाइलाजानं) बहीण


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. नसो. मला आज तुझ्याशी भांडायचं नाहीय, पण दुसरं कुणाला सांगता येत नाही म्हणून तुलाच लिहितेय.

तुला खोटं पाडायचं असं ठरवून मी आणि सिस्टर कामाला लागलो. ही आमची सिस्टर म्हणजे वॉर्डाची खरी मालकीण, माझ्याहून वयानं मोठी, आवाज असा की रडणारी मुलं दचकून गप्प होतात. रोज दुपारी राऊंड संपला की परत न आलेल्यांच्या घरी एकेक फोन. पहिले काही दिवस मजेत गेले. "बरा आहे ना?" "बरा? शेजाऱ्यांची काच फोडून आलाय!" "मुलगी कशी आहे?" "घ्या, तुम्हीच बोला," आणि पुढे नुसतं फू फू. प्रत्येक फोन ठेवला की सिस्टर म्हणायची, "लिहा, मॅडम, त्या दोन नंबरला लिहा." मी मनातल्या मनात तुला लिहीतही होते. फार झणझणीत उत्तर तयार झालं होतं.

मग एका बाळाच्या आजीनं फोन उचलला. मी नेहमीसारखं विचारलं, बाळ बरं आहे ना?

"आत्ता विचारताय?" आजी म्हणाली. "घरी नेलं आणि दोन दिवसांत पुन्हा धाप लागली त्याला. गेलो दुसरीकडे."

मी म्हटलं, "आमच्याकडे का नाही आलात?"

"तुमच्याकडूनच तर घेऊन गेलो होतो. तिथंच परत कशाला येऊ?"

दादा, इतक्या वर्षांत हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मूल पुन्हा आजारी पडलं तर आई धावत येते, हे खरं. पण ती आमच्याकडेच धावत येईल हे आम्हाला कुणी सांगितलं? ज्यांचा आमच्यावरचा विश्वास उडाला तेच आले नाहीत, आणि त्यांच्याच नावापुढे आम्ही बरं झाल्याची खूण करत बसलो.

त्या आजीचा नातू ठणठणीत आहे, हे आधी सांगते. दुसऱ्या दवाखान्यात पूर्ण औषध मिळालं त्याला. पण मग असे आणखी निघाले. सगळे नाहीत, बरेचसे परत न आलेले खरोखरच बरे आहेत. जे पुन्हा आजारी पडले ते बहुतेक चार दिवसांच्या गटातले, आणि त्यातही जवळजवळ सगळे एक वर्षाच्या आतले. मोठ्या मुलांना चार दिवस पुरले. बाळांना पुरले नाहीत.

हे लक्षात आलं त्याच दुपारी मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं की सगळी मोजदाद पुन्हा होईपर्यंत आपल्या वॉर्डातल्या एकाही बाळाला चार दिवसांत सोडायचं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, पण निबंध?"

"निबंध राहू दे, सर. त्या बाळांचं बघा."

मग त्यांनी स्वतः सिस्टरला बोलावून तसं लिहून दिलं. माणूस तोऱ्यातला आहे, पण मनानं वाईट नाही.

आणि दादा, बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येत होती, की छापून आला नाही. बरं झालं, अजून छापून आला नाही. त्या देवमाणसाच्या दोन ओळींवर विसंबले असते तर एव्हाना दहा इस्पितळांनी आमचा कित्ता गिरवला असता. तुझी साडेचार पानं आडवी आली म्हणून वाचलो.

रागावलेली नाही,
तुझी बहीण


१ मार्च

दादा,

आधी पोटभर हसून घे. हसलास? आता ऐक.

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आईनं ते माझ्या आधी हातात घेतलं आणि मी येईपर्यंत न फोडता मांडीवर घेऊन बसली होती. आईच्या इतिहासात ही सहनशीलता नवी आहे.

तर तो तू नाहीसच! मी अशी तोंडघशी पडलेय की वर बघायची सोय राहिली नाही. सुतावरून स्वर्ग गाठायची सवय जुनीच, पण यावेळी स्वर्गात शिरून मी दार लावून घेतलं होतं. जगात 'परंतु' म्हणणारी आणखीही माणसं आहेत, हे मला का सुचू नये?

तू लिहितोस की संपादकांनी आधी तुलाच विचारलं होतं, निबंधावर माझं नाव पाहिलं आणि तू कळवून टाकलंस, "ही माझी बहीण, मला वगळा." त्यापुढचं तुझं वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. "चूक सापडली असती तर जुनं भांडण काढलं असं तुला वाटलं असतं, आणि सापडली नसती तर बहीण म्हणून सोडलं असं मलाच वाटलं असतं." आई म्हणाली, "एवढं कळतं त्याला, मग तीन वर्षं फोन का नाही केला?" याचं उत्तर तू तिलाच दे.

आणि ते नावाचं प्रकरण. त्या वेळचे आमचे मूळ आकडे तू पाहिलेच नव्हतेस, मी नुसता तयार तक्ता पाठवला होता, आणि न पाहिलेल्या आकड्यांवर तू नाव घालत नाहीस. "आईनं गोळा केलेले असते तरी घातलं नसतं." अरे शहाण्या, हे तेव्हाच एवढं लिहिलं असतंस तर? मला वाटत राहिलं की माझं कामच तुला फालतू वाटतं. आपल्या घरात प्रेम असो की आकडे, पूर्ण वाक्यात सांगायची पद्धतच नाही. तू आता लिहिलंयस, "ते त्रोटक लिहिणं माझं चुकलं." ठीक आहे. मी बुरखा आणि दगड परत घेते.

यावेळी तक्ता पाठवत नाहीय. मुलांची नावं काढून सगळे मूळ आकडे पाठवतेय, तशी परवानगी इस्पितळाच्या संशोधन समितीकडून घेतलीय. बघ, तपास, वाट्टेल तितके परंतु काढ. नाव घालायचं की नाही ते मग ठरव.

मग दोन नंबर कोण, याचा विचार मी अजून करते. कुणी तरी आपला राऊंड संपवून, चहा गार होईपर्यंत माझी नऊ पानं वाचत बसलं. त्याला किंवा तिला यातून काही मिळणार नाही, नावसुद्धा नाही. आणि मी त्या माणसाला महिनाभर काय काय म्हणाले! संपादकांमार्फत आभार पाठवलेत. शिव्या पाठवल्या नव्हत्या हे नशीब.

तुझी भिंगरी (हो, तू लहानपणी म्हणायचास तीच)


२६ मार्च

दादा,

काल फोनवर आपण इतका वेळ बोललो की घरच्यांना वाटलं कुणाचं तरी लग्न ठरतंय. तरी फोनवर एक बोलले नाही, ते इथे लिहिते.

तुझे हिशेब मोठ्या डॉक्टरांना दाखवले. एक वर्षावरच्या मुलांना चार दिवस पुरेसे, बाळांना सात दिवस हवेतच. ते पानं उलटत म्हणाले, "म्हणजे आपला निबंध निम्मा झाला की हो." मी म्हटलं, सर, आता त्याच्या शीर्षकातच परंतु आलाय. ते कधी नव्हे ते हसले. मोठी मुलं तीन दिवस आधी घरी जाणार, हे काय थोडं आहे? आधीची हाव मोठी होती, काम तेवढंच होतं.

आता न बोललेलं. एकीचा पत्ता लागत नाहीय.

सगळे मिळाले. कुणी फोनवर, कुणी पत्त्यावर, कुणी नातेवाइकांकडून. फक्त एक मुलगी राहिलीय, आमच्याकडे होती तेव्हा सात महिन्यांची. चार दिवसांच्या गटातली. तिला मी स्वतः घरी सोडलं होतं, सही माझी आहे. ती मला आठवते, कारण तपासताना तिनं माझ्या चष्म्याची काडी तोंडात धरली आणि सोडायलाच तयार नव्हती. बाकीची जी बाळं पुन्हा आजारी पडली ती वेळेत कुठेतरी पोचली म्हणून वाचली. ही पोचली का? दिलेला फोन बंद आहे. पत्त्यावर गेलो तर खोलीला दुसऱ्याचं कुलूप. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, सामान बांधून गेले, कुठे ते माहीत नाही. "बाळ बरोबर होतं का?" असं मला तिला विचारायचं होतं. शेवटी सिस्टरनं विचारलं. बाई म्हणाली, "मी नव्हते हो त्या दिवशी."

काल तुला नुसतं विचारलं की एकीचा पत्ता नसेल तर चालेल का. तू म्हणालास, "आकड्यांना तिची गरज नाही. ती कुठल्याही रकान्यात गेली तरी निष्कर्ष बदलत नाही." मला वाटलं, झालं, आता सोडून दे म्हणणार. पण तू म्हणालास, "तरी शोध. निबंध थांबेल."

मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. तुला माझ्या आवाजावरून कळलं होतं ना?

बाप रंगारी आहे, घरं रंगवतो. तेवढंच नोंदलेलं आहे. उद्यापासून रंगाची दुकानं पालथी घालायची, असं सिस्टरनं जाहीर केलंय.

भिंगरी


१७ एप्रिल

दादा,

सापडली!

फोन करणार होते, पण तुझ्याकडे आता सगळे झोपले असतील, आणि मला हे नीट सांगायचंय, तुकड्यातुकड्यांनी नाही.

रंगाच्या दुकानांत आम्ही इतके फिरलो की सिस्टरला आता कुठला पिवळा किती दिवस टिकतो ते सांगता येतं. शेवटी एका दुकानदारानं माणूस ओळखला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका शाळेचं काम चाललंय, तिथे तो आहे म्हणाला. आज सुट्टी टाकून गेलो.

तो तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर बांबूच्या परांचीवर उभा राहून भिंत घासत होता. मी खालून ओरडले, "तुमची मुलगी कशी आहे?" आजूबाजूला ठोकाठोक चाललेली. त्यानं कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडले. त्यानं खूण केली की थांबा, येतो, आणि बांबूवरून एकेक पाय टाकत उतरायला लागला. दादा, त्या दिवशी जिन्यात बसले होते तेव्हाही मी आजच्यासारखी घाबरले नव्हते. सिस्टरनं माझा दंड धरला होता. तो खाली आला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "कुठली विचारता? थोरली की धाकटी?"

"धाकटी!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"तिला काय धाड भरलीय? आगाऊ आहे नुसती."

माझा जीव असा भांड्यात पडला की मला तिथल्याच रंगाच्या डब्यावर बसावं लागलं. डबा ओला होता. माझ्या साडीचं काय झालं ते विचारू नकोस.

तो आम्हाला घरी घेऊन गेला, जवळच नवीन खोली घेतलीय. मुलगी भिंत धरून चालत होती. तिच्या आईनं मला ओळखलं आणि तिचा चेहरा बदलला. "घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी हिला ताप चढला," ती म्हणाली. "छाती नुसती उडत होती. माझ्या बहिणीकडे घेऊन गेलो, तिच्या ओळखीच्या दवाखान्यात ठेवलं. किती दिवस मी डोळ्याला डोळा लावला नाही. आणि तुम्ही आता येताय?"

मी म्हटलं, "तुमच्या बाळाला चार दिवस कमी पडले. आम्हाला तेव्हा ते कळलं नाही, आणि नंतरही आम्ही तुम्हाला विचारायला आलो नाही. ते चुकलं."

ती म्हणाली, "आम्हीच परत आलो नाही, तर तुम्ही कशाला आलात?"

"तुम्ही आला नाहीत, म्हणूनच."

"न आलेल्यांकडे जाता होय तुम्ही?"

"आता जातो," सिस्टर म्हणाली, तिच्या त्या वॉर्डातल्या आवाजात, आणि थोरली मुलगी दचकून आईच्या मागे लपली. मग त्या बाईला हसू आलं. तिनं धाकटीला उचलून माझ्या मांडीवर दिलं. मी छाती तपासली, पुढून, मागून, पुन्हा पुढून. स्वच्छ. मला इतका वेळ लागला की बाप म्हणाला, "काही आहे का, डॉक्टर?" मी म्हटलं, काही नाही, नुसतं ऐकतेय.

संध्याकाळी वॉर्डात येऊन तक्ता उघडला. सगळ्या मुलांच्या पुढे काही ना काही होतं, तिच्यापुढेच मोकळं होतं. 'उपचार अपुरा ठरला' या रकान्यात मी एक वाढवला. आमचा आकडा तेवढ्यानं आणखी वाईट झाला. सिस्टर खांद्यावरून बघत होती. मी वळून तिच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून रडलो, आणि आमच्या आवाजानं झोपलेली चार मुलं उठली.

निबंध पाठवलाय. तू म्हणालास तसं तुझं नाव घातलंय.

भिंगरी